स्टिकच्या टोकाला टॉवेल

टर्किश टॉवेल म्हणजे काय, हे सोलापूरकराला शिकवायला नको. तोच टॉवेल जगाच्या दुसऱ्या टोकाला, कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या व्हँकुव्हर शहरात, डोक्यावर गरागरा फिरवायला वापरतात. तिथल्या आईस हॉकी संघाचा, म्हणजे व्हँकुव्हर कनक्सचा, घरच्या मैदानावर प्लेऑफचा, म्हणजे साखळी संपल्यावरच्या बाद फेऱ्यांतला, सामना लागला की अठरा-एकोणीस हजार माणसं एकाच वेळी पांढरे टॉवेल फिरवतात. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मागे पांढऱ्या बाराबंद्यांनी रस्ता भरून जातो, तो डोळ्यांपुढे आणा. पांढरा रंग तसाच दाटलेला असतो, फक्त तो हवेत फिरत असतो.

हा संघ १९७० पासून नॅशनल हॉकी लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये खेळतो. तीन वेळा अंतिम फेरीत गेला आणि तिन्ही वेळा हरला. स्टॅन्ली कप, म्हणजे या लीगचा करंडक, त्यांच्या हाती एकदाही लागलेला नाही. तरी एनएचएलमधली टॉवेल फिरवण्याची रीत याच संघापासून सुरू झाली आणि आता प्लेऑफच्या काळात बहुतेक संघ प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर टॉवेल ठेवतात. करंडक नसलेल्या संघाची रीत बाकीच्यांनी उचलावी, हे मला फार मोलाचं वाटतं. म्हणून कनक्सचा इतिहास सांगायचा तर टॉवेलापासूनच सुरुवात करायला हवी.

१९८१-८२ चा मोसम कनक्ससाठी बेताचाच होता: ३० विजय, ३३ पराभव आणि १७ बरोबरी. मोसम संपत आला असताना क्विबेकमधल्या एका सामन्यात प्रेक्षकाशी झालेल्या झटापटीमुळे मुख्य प्रशिक्षक हॅरी नील यांच्यावर बंदी आली आणि सूत्रं सहायक रॉजर नीलसन यांच्याकडे गेली. नीलसन हे सामन्याची चित्रफीत पुन्हापुन्हा पाहून डावपेच आखणारे पहिल्या फळीतले प्रशिक्षक. ‘कॅप्टन व्हिडिओ’ हे त्यांचं टोपणनाव त्यावरूनच पडलं. संघ जिंकू लागला, म्हणून बंदी संपल्यावरही नील यांनी नीलसन यांनाच पुढे ठेवलं. असं करणारे प्रशिक्षक विरळा.

पहिल्या फेरीत पाच सामन्यांची मालिका होती, ती कॅल्गरीविरुद्ध ३-० अशी जिंकली. दुसऱ्या फेरीत लॉस एंजलिसला ४-१ ने हरवलं. तिसऱ्या फेरीत शिकागो ब्लॅक हॉक्स समोर आले. शिकागोतला पहिला सामना कनक्सने दुहेरी अतिरिक्त वेळेत २-१ असा काढला. दुसरा सामना २९ एप्रिल १९८२ रोजी, तिथेच.

त्या रात्री काय झालं ते कळायला एक नियम ठाऊक हवा. आईस हॉकीत एका वेळी बर्फावर प्रत्येक संघाचे सहा जण असतात: पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. छोटी चूक झाली की खेळाडूला दोन मिनिटं पेनल्टीच्या खोक्यात बसावं लागतं आणि त्याचा संघ तेवढा वेळ एक माणूस कमी घेऊन खेळतो. समोरच्याला मिळालेल्या या फायद्याला पॉवर प्ले म्हणतात. म्हणजे पंचाची शिट्टी एकाच बाजूला वाजत राहिली, तर सामना हातातून जायला वेळ लागत नाही.

पंच बॉब मायर्स यांच्या शिट्ट्या आपल्यावरच येताहेत, अशी कनक्सची भावना झाली होती. त्यांचा एक गोलही रद्द ठरला. तिसऱ्या सत्रात डेनिस सवार्डने पॉवर प्लेवर गोल करून शिकागोला ४-१ अशी आघाडी दिली. टायगर विल्यम्सने सगळ्या स्टिक बर्फावर फेकून द्यायचं सुचवलं, असं सांगतात. नीलसन यांनी वेगळा मार्ग काढला. त्यांनी एक स्टिक घेतली, तिच्या टोकाला बाकावरचा पांढरा टॉवेल अडकवला आणि शरणागतीच्या निशाणासारखा उंच धरला. दोन-तीन खेळाडूंनीही तेच केलं. पंचांना अर्थ उमगला आणि नीलसन यांची बाकावरून रवानगी झाली. सामना ४-१ असाच संपला.

तिसरा सामना व्हँकुव्हरला होता. नीलसन यांची कृती दूरदर्शनवर सगळ्यांनी पाहिली होती. पॅसिफिक कोलिझियममध्ये लोक हातात पांढरे टॉवेल घेऊनच आले. शरणागतीचं चिन्ह एका रात्रीत पाठिंब्याचं चिन्ह झालं. कनक्सने पुढचे तिन्ही सामने जिंकून मालिका ४-१ अशी खिशात घातली. अंतिम फेरीत मात्र न्यूयॉर्क आयलँडर्सनी त्यांना ४-० ने धुतलं. ते आयलँडर्स त्या काळात सलग चार कप जिंकलेला संघ, त्यांच्यापुढे तेव्हा कुणाचंच चाललं नसतं. गोलरक्षक रिचर्ड ब्रोडूरला लोकांनी तेव्हापासून ‘किंग रिचर्ड’ म्हणायला सुरुवात केली. नीलसन २००३ मध्ये गेले. २०११ पासून संघाच्या आताच्या रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, बाहेर त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा आहे: सुटाबुटातला माणूस, हातात उंच धरलेली स्टिक आणि तिच्यावर टॉवेल.

खेळाच्या मैदानात टॉवेल फिरवण्याची कल्पना त्याआधीही होती. पिट्सबर्गच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा पिवळा टॉवेल १९७५ पासूनचा. पण तो ठरवून, जाहिरात करून आणला होता. व्हँकुव्हरचा टॉवेल रागातून आला आणि लोकांनी आपणहून उचलला. मला हा फरक मोठा वाटतो.

आता जरा मागाच्या भाषेत बोलू. फिरवायचा टॉवेल आणि अंग पुसायचा टॉवेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आंघोळीचा ३० बाय ६० इंचाचा, ५०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा, टॉवेल अर्ध्या किलोच्या वर भरतो. तो दोन मिनिटं फिरवून बघा, खांदा बोलायला लागेल. प्रेक्षकांना देतात तो टॉवेल साधारण १५ बाय १८ इंचाचा, म्हणजे आपल्याकडच्या नॅपकिनएवढा. क्षेत्रफळ झालं सुमारे ०.१७५ चौरस मीटर. ३०० जीएसएम धरला तर एक नग ५२ ग्रॅमच्या आसपास. रिंकमध्ये जागा १८,९०० च्या घरात. म्हणजे एका सामन्याला जवळजवळ एक टन सूत हवेत फिरतं.

जीएसएम किती ठेवावा, यात अंदाज चुकला की टॉवेल फसतो. २०० च्या खाली गेलात तर कापड पिशवीसारखं फडफडतं, वळण धरत नाही आणि लांबून पांढरेपणा विरळ दिसतो. ४०० च्या वर गेलात तर टॉवेल खाली लोंबतो आणि माणूस पहिल्या सत्रातच थकतो. २५० ते ३२० च्या मध्ये कुठेतरी खरी जागा आहे, असं माझं मत.

विणीचं म्हणाल तर टर्किशला दोन ताणे लागतात, दोन बीमवर, म्हणजे सूत गुंडाळलेल्या रुळांवर. पायाचा ताणा ताठ, फेऱ्यांचा, म्हणजे टॉवेलवर दिसणाऱ्या सुताच्या वेढ्यांचा, ताणा सैल. तीन बाण्यांच्या विणीत पहिले दोन बाणे फणी पूर्ण ठोकत नाही, कापडाच्या कडेपासून थोडं अंतर ठेवून थांबते. तिसऱ्या बाण्याला पूर्ण ठोका बसतो, तिन्ही बाणे एकत्र पुढे सरकतात आणि सैल ताण्याचे फेरे दोन्ही अंगांना वर येतात. फेऱ्यांच्या बीमचा ताण कमी-जास्त झाला की एका पट्ट्यात फेरे उंच आणि दुसऱ्यात बुटके येतात. अंग पुसताना ते खपून जातं. छपाई करायची असेल तर तिथेच माल नापास होतो.

कारण छपाईला सपाट पृष्ठभाग लागतो. फेऱ्यांवर सरळ छापलं तर शाई फेऱ्यांच्या माथ्यावर बसते, फटी पांढऱ्या राहतात आणि पहिल्या धुण्यात अक्षर फाटल्यासारखं दिसतं. म्हणून एका अंगाचे फेरे कापून मखमलीसारखे करतात आणि त्या अंगावर छापतात. याची किंमत अशी की कापलेल्या अंगाचे बारीक तंतू फार सुटतात. टॉवेल न धुता फिरवला की काळ्या जॅकेटवर पांढरी भुकटी बसते. एकदा साध्या पाण्यात धुऊन, झटकून वाळवला की बरेचसे तंतू निघून जातात. फेरा ओढला गेला तर तो ओढून काढू नये, कात्रीने बुडाशी कापावा. ओढला तर शेजारचे फेरेही निघत येतात.

पांढरेपणाचंही शास्त्र आहे. खळ काढून, कॉस्टिकमध्ये उकळून, हायड्रोजन पेरॉक्साइडने ब्लीच केल्यावर सूत पांढरं होतं, तरी त्यात किंचित पिवळट झाक उरते. ती घालवायला शेवटी नीळसर चमक देणारा व्हाइटनर वापरतात. रिंकचे दिवे आणि खाली पांढरा बर्फ असताना पिवळट टॉवेल मळका वाटतो, तेव्हा ही शेवटची पायरी गाळू नये. सोलापुरी चादरीप्रमाणेच सोलापूरच्या टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. असल्या कामातले बारकावे आपल्या गावाला नवे नाहीत.

फिरवण्याची पद्धत: एक कोपरा मुठीत दोन-तीन इंच आत धरायचा. कोपऱ्यातून धरल्यावर कर्ण साठ सेंटिमीटरच्या जवळ जातो आणि कापड उघडून फिरतं. रुंदीच्या मधोमध धरलं तर ते दुमडून दोरीसारखं होतं. मनगटातून फिरवायचा, खांद्यातून नव्हे. मागच्या माणसाच्या डोळ्याला कोपरा लागणार नाही एवढा वर.

टॉवेल बर्फावर मात्र फेकायचा नाही. खेळात व्यत्यय येईल अशी वस्तू प्रेक्षकांतून पडली तर पंच खेळ थांबवतात, ध्वनिक्षेपकावरून ताकीद दिली जाते आणि तरीही चालूच राहिलं तर यजमान संघाला दोन मिनिटांची पेनल्टी बसू शकते. सूट फक्त टोप्यांना आहे. एका खेळाडूने तिसरा गोल केला की टोप्या फेकायची जुनी रीत आहे आणि तिला शिक्षा नाही.

आता इतिहासात आणखी मागे. कॅनडा म्हटलं की गोठलेली तळी आणि त्यावर खेळणारी पोरं डोळ्यांपुढे येतात. व्हँकुव्हर तसं नाही. समुद्रकाठचं, पावसाचं शहर. हिवाळ्यात तिथे थंडी ओली असते आणि खेळण्याइतका जाड, टिकाऊ बर्फ नैसर्गिकरीत्या मिळण्याची खात्री नसते. तिथली व्यावसायिक हॉकी पहिल्या दिवसापासून यंत्राच्या बर्फावर उभी राहिली. फ्रँक आणि लेस्टर पॅट्रिक या भावांच्या वडिलांनी १९११ मध्ये आपला लाकडाचा धंदा विकला आणि त्या पैशातून पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन ही लीग उभी राहिली. त्याच वर्षी व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरिया इथे कृत्रिम बर्फाची रिंकं उघडली, कॅनडातली पहिली. व्हँकुव्हरच्या डेन्मन अरीनात दहा हजारांवर माणसं बसत.

आजच्या खेळातल्या कितीतरी गोष्टी या पॅट्रिक बंधूंच्या. रिंकचे तीन भाग करणाऱ्या निळ्या रेषा, पुढच्या दिशेने पास द्यायची मुभा, पेनल्टी शॉट, गोलरक्षकाने खाली पडून पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, अडवायला परवानगी. १९१५ मध्ये त्यांच्या व्हँकुव्हर मिलियनेअर्स संघाने ओटावाला सलग तीन सामन्यांत ६-२, ८-३ आणि १२-३ असं हरवून स्टॅन्ली कप जिंकला. पूर्वेकडे सहा जणांचा खेळ, पश्चिमेकडे सात जणांचा, म्हणून मालिकेत एक सामना एकाच्या नियमाने आणि दुसरा दुसऱ्याच्या नियमाने खेळत. शहराच्या नावावर असलेला हा एकमेव स्टॅन्ली कप. डेन्मन अरीना १९३६ मध्ये जळून गेलं.

यंत्राचा बर्फ कसा होतो, हे मे महिन्यात चाळिशीपार जाणाऱ्या गावाने मुद्दाम समजून घ्यावं. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं. नळ्यांतून शून्याच्या बरंच खाली थंड केलेलं मिठाचं पाणी किंवा ग्लायकॉल फिरतं. लादी गार झाली की तिच्यावर पाण्याचा अगदी बारीक फवारा मारतात, तो गोठला की दुसरा. मग पांढरा रंग, त्यावर लाल-निळ्या रेषा आणि खुणा, त्यावर पुन्हा पातळ थर, असं करत एक ते सव्वा इंच जाडी आणतात. एकदम पाणी ओतून भागत नाही. जाड थर वरून आधी गोठतो, आत हवा अडकते, बर्फ गढूळ होतो आणि स्केटखाली कपचे उडतात.

सत्रांच्या मध्यंतरात यंत्र फिरतं. फ्रँक झांबोनीने ते १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात बनवलं. त्याआधी तीन-चार माणसं खरवडून, धुऊन, पाणी घालून हेच काम करत आणि त्यांना तास-दीड तास लागे. यंत्र वरचा खरखरीत थर पात्याने खरवडतं, धुतं आणि मागे गरम पाण्याचा पातळ थर सोडतं. गरमच का, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. गरम पाण्यात विरघळलेली हवा कमी असते, म्हणून थर काचेसारखा घट्ट बसतो. शिवाय ते खालच्या बर्फाला किंचित वितळवून त्याच्याशी एकजीव होतं. बर्फाचा पृष्ठभाग उणे पाच अंशांच्या आसपास ठेवतात. त्याहून फार थंड झाला तर ठिसूळ होतो, गरम झाला तर पक उसळ्या मारतो आणि स्केट रुतायला लागतात. पकही सामन्याआधी गोठवून ठेवतात, कारण गरम रबर जास्त उसळतं. पक म्हणजे तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबरी चकती, वजन १५६ ते १७० ग्रॅम, क्रिकेटच्या चेंडूच्या जवळपास.

कनक्स हे नाव १९४५ पासूनचं. ‘कनक’ म्हणजे कॅनडियन माणसासाठी बोलीतला शब्द. आधी हा संघ पश्चिम किनाऱ्याच्या दुय्यम लीगमध्ये खेळत होता. १९७० मध्ये बफेलोच्या जोडीने त्याला एनएचएलमध्ये जागा मिळाली. नव्या खेळाडूंमधून पहिली निवड कुणाची, हे ठरवायला आकड्यांचं चक्र फिरवलं. लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी १ आकडा आल्याचं सांगितलं आणि व्हँकुव्हरच्या टेबलावर जल्लोष झाला. बफेलोचे व्यवस्थापक इम्लॅक (टोपणनाव ‘पंच’) यांनी पुन्हा बघायला लावलं. काटा ११ वर होता. गिल्बर्ट पेरो बफेलोला गेला आणि पुढे तिथला सर्वात मोठा खेळाडू झाला. त्याने अंगावर ११ नंबर घातला. व्हँकुव्हरला डेल टॅलन मिळाला.

९ ऑक्टोबर १९७० ला पहिला सामना, लॉस एंजलिस किंग्सविरुद्ध, हार ३-१. पहिला गोल बॅरी विल्किन्सचा, पहिला कर्णधार ऑरलंड कर्टनबाख.

जर्सी या संघाने इतक्या वेळा बदलली की फोटो बघून साल सांगता येतं. सुरुवातीला निळा-हिरवा-पांढरा रंग, छातीवर रिंक आणि त्यात स्टिक. समुद्र, जंगल, बर्फ, असा सरळ हिशोब. १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका डिझाइन कंपनीने सांगितलं की हे रंग फार शांत आहेत, समोरच्याला धाक वाटायला हवा. मग पिवळा, केशरी, काळा रंग आला आणि गळ्यापासून खाली जाणारा भलामोठा ‘व्ही’. टॉवेलचं १९८२ साल याच जर्सीतलं. १९८५ मध्ये वेगाने जाणाऱ्या स्केटचं चिन्ह आलं, १९९४ ची अंतिम फेरी त्यात खेळली. १९९७ मध्ये बर्फ फोडून वर येणारा ओर्का, म्हणजे एक जातीचा देवमासा, आला, किनाऱ्यावरच्या हैडा लोकांच्या चित्रशैलीच्या वळणाचा. तेव्हाच्या मालक कंपनीच्या नावातही ओर्का होता, त्यामुळे ही कंपनीची जाहिरात आहे, अशी टीका झाली. २००७ मध्ये निळा-हिरवा रंग परत आला, ओर्का राहिला. मला निळा-हिरवाच त्यांचा खरा रंग वाटतो. जुनी जर्सी विकत घेणाऱ्याने पाठीच्या आत कंबरेजवळ शिवलेली पट्टी आहे का ते पाहावं. ही पट्टी चड्डीला अडकवतात, म्हणजे मारामारीत जर्सी डोक्यावर ओढता येत नाही. खेळाडूंच्या धर्तीवर बनवलेल्या जर्सीला ती असते, स्वस्तातल्या चाहत्यांच्या जर्सीला बहुधा नसते.

१९९४. पश्चिम विभागात सातव्या क्रमांकावरून प्लेऑफमध्ये आलेला संघ, कॅल्गरीविरुद्ध १-३ ने मागे. पुढचे तिन्ही सामने अतिरिक्त वेळेत जिंकले. शेवटचा दुहेरी अतिरिक्त वेळेत पावेल ब्युरेच्या गोलने. त्याच सामन्यात गोलरक्षक कर्क मॅक्लीनने रॉबर्ट राइखेलचा फटका पाय पसरून आडवं सरकत अडवला होता; व्हँकुव्हरमध्ये नुसतं ‘तो सेव्ह’ म्हटलं की कळतं. अंतिम फेरीत न्यूयॉर्क रेंजर्सविरुद्ध पुन्हा १-३, पुन्हा ३-३. १४ जून १९९४ चा सातवा सामना ३-२ ने गेला. कर्णधार ट्रेव्हर लिंडेनने बरगड्या दुखावलेल्या असताना दोन्ही गोल केले. शेवटच्या मिनिटांत नेथन लाफायेतचा फटका गोलच्या खांबाला लागून परतला.

२०११ मध्ये संघ लीगमध्ये पहिला होता, ११७ गुण. शिकागोविरुद्ध ३-० वरून ३-३ झाले आणि सातव्या सामन्यात अतिरिक्त वेळेत ॲलेक्स बरोजने तारलं. सॅन होजेविरुद्ध पक काच धरणाऱ्या खांबावर आपटून भलतीकडे उडाला, कुणालाच दिसेना. केव्हिन बिएक्साला तेवढा दिसला आणि त्याच्या गोलने संघ अंतिम फेरीत गेला. तिथे बोस्टनने १५ जूनला व्हँकुव्हरमध्येच ४-० ने हरवलं. त्या रात्री, १९९४ प्रमाणेच, शहरात दंगल झाली, गाड्या जळाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक झाडू आणि पिशव्या घेऊन आपणहून रस्ते साफ करायला आले आणि फुटलेल्या काचांवर ठोकलेल्या फळ्या माफीच्या संदेशांनी भरून गेल्या. संघाच्या इतिहासात दोन्ही लिहायला हवं, दंगलही आणि सकाळही.

त्या संघाचा आत्मा म्हणजे सेदिन बंधू. स्वीडनचे जुळे, डॅनियल आणि हेन्रिक. १९९९ च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकावर व्हँकुव्हरने दोघांनाही मिळवलं, त्यासाठी व्यवस्थापक ब्रायन बर्कने बरीच अदलाबदल केली. म्हणून नंबर २२ आणि ३३. दोघे एकमेकांकडे न बघता पास देत. हेन्रिक पास देणारा, डॅनियल गोल करणारा. गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून हेन्रिकचे १,०७० गुण, डॅनियलचे १,०४१, सगळे याच संघासाठी. ५ एप्रिल २०१८ ला घरच्या मैदानावरच्या शेवटच्या सामन्यात अतिरिक्त वेळेतला विजयी गोल डॅनियलनेच केला.

छताला टांगलेले, म्हणजे त्या खेळाडूनंतर पुन्हा कुणालाच न दिले जाणारे, नंबर सहा: १० ब्युरे, १२ स्टॅन स्मिल, १६ लिंडेन, १९ मार्कुस नेस्लुंड, आणि २२, ३३ सेदिन. गोलरक्षक रोबर्टो लुआंगोला २०२३ मध्ये सन्मान वलयात जागा दिली. २०१० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये याच रिंकवर कॅनडाने अमेरिकेला ३-२ ने हरवलं तेव्हा गोलमध्ये तोच होता. वेन माकी हा सुरुवातीच्या संघातला खेळाडू मेंदूच्या कर्करोगाने १९७४ मध्ये गेला. त्याचा ११ नंबर संघाने वर्षानुवर्षं कुणाला दिला नाही. १९९७ मध्ये मार्क मेसियरने तो घातला, तेव्हा जुने चाहते फार दुखावले. छताला न टांगलेल्या नंबराचीही एक परंपरा असते आणि ती मोडली की जखम जास्त खोल जाते.

आपल्याला या संघात ओळखीची नावंही भेटतात. व्हँकुव्हरजवळच्या सरे शहरात पंजाबी वस्ती मोठी आहे. २००८ मध्ये कॅनडात हॉकीचं पंजाबी समालोचन सुरू झालं, हरनारायण सिंग यांचा आवाज त्यातूनच ओळखीचा झाला. एनएचएलमध्ये खेळलेला भारतीय वंशाचा पहिला खेळाडू रॉबिन बावा. तो १९८९ मध्ये वॉशिंग्टनकडून उतरला आणि नंतर कनक्सकडूनही दोन सामने खेळला. वडिलांकडून भारतीय वंशाचा मॅनी मल्होत्रा याच्या डोळ्याला मार्च २०११ मध्ये पक लागला, शस्त्रक्रिया झाल्या, मोसम संपला असंच सगळ्यांनी धरलं. तो अंतिम फेरीच्या दुसऱ्या सामन्यात परतला आणि अख्खं रिंक उभं राहिलं, टॉवेलसकट. २०२५ मध्ये त्याच्याच प्रशिक्षणाखाली दुय्यम संघ ॲबट्सफर्ड कनक्सने दुय्यम लीगचा काल्डर कप जिंकला. त्या संघात सरेचा अर्शदीप बैन्स होता, ज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये मूळ कनक्सकडून पदार्पण केलं.

सामने बघायचे असतील तर वेळ सोयीची आहे. प्लेऑफ एप्रिलच्या मध्यात सुरू होतात. सोळा संघ, चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत सात सामन्यांपैकी चार जिंकायचे. म्हणजे कपासाठी सोळा विजय. व्हँकुव्हरमध्ये संध्याकाळी सातला पक पडला की सोलापुरात दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात वाजलेले असतात. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं आणि मध्यंतरं धरून अडीच तास. प्लेऑफमध्ये बरोबरी झाली तर गोल होईपर्यंत वीस मिनिटांची सत्रं पुढे चालूच राहतात, तेव्हा अशा दिवशी दहाच्या आत कामावर पोचायचं कबूल करू नये.

पहिल्यांदा बघणाऱ्याने पकाच्या मागे डोळे धाववू नयेत, तो हरवतोच. निळ्या रेषेकडे बघावं. पक ती ओलांडायच्या आधी हल्ला करणारा खेळाडू ओलांडून गेला की ऑफसाइड, शिट्टी. मधल्या लाल रेषेच्या आपल्या बाजूने मारलेला पक थेट समोरच्या गोलरेषेपार गेला की आयसिंग, पक परत आपल्या टोकाला. एवढ्या दोन शिट्ट्या कळल्या की अर्धा खेळ कळतो. आणि गर्दीकडेही लक्ष ठेवावं. सामना सुरू व्हायच्या आधी आणि गोल झाल्यावर सगळे टॉवेल एकदम वर जातात. पंचाची शिट्टी कनक्सच्या विरोधात वाजली की काही हात स्थिर उंच धरलेले दिसतात, टॉवेल न फिरवता, नीलसन यांनी धरला होता तसे.